बोअरचं पाणी, मुलांचे दात आणि तुमचा पहिला संशोधन प्रकल्प

पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीला एक ठरलेला प्रकल्प दरवर्षी कुणीतरी घेतंच: 'अमुक तालुक्यातील भूजलातील फ्लोराइड व त्याचे मानवी आरोग्यावरील परिणाम'. तीस बाटल्या भरायच्या, कॉलेजच्या लॅबमध्ये आकडे काढायचे, नकाशावर हिरवे-पिवळे-लाल ठिपके द्यायचे. शेवटच्या प्रकरणात 'फ्लोराइडमुळे दंत व अस्थी फ्लोरोसिस होतो' (म्हणजे जादा फ्लोराइडने दात डागाळतात, हाडं बिघडतात) हे वाक्य कुठल्यातरी जुन्या प्रबंधातून उचलायचं, की झालं. आरोग्य फक्त शीर्षकात असतं. अख्ख्या प्रकल्पात एकाही मुलाला कुणी 'आ कर' म्हटलेलं नसतं.

ज्यांना हे काम नीट करायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात एमएस्सीची मुलं आली, मेडिकल आणि डेंटल कॉलेजातली आली, गावात शिकवणारे विज्ञानाचे शिक्षकही आले. पाण्यातलं फ्लोराइड मोजणं हा यातला सोपा भाग आहे. ते पाणी कुणी प्यायलं, कुठल्या वयात, किती आणि कुठून, हे शोधणं अवघड असतं आणि संशोधन म्हणावं असं काम तिथेच होतं. म्हणून खाली बाटल्यांपेक्षा तांब्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी जुनी गोष्ट वाचून घ्या

१९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे दवाखाना टाकायला आला. गावातल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. कुणी म्हणे डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने, कुणी म्हणे खराब दुधाने. मॅकेने पुढची तीस वर्षं हा पिच्छा सोडला नाही. त्याच्या लक्षात आलेली पहिली मोठी गोष्ट अशी, की मोठेपणी त्या गावात राहायला आलेल्यांना डाग पडत नव्हते. ज्यांचे दात तिथे घडले, त्यांनाच ते पडत. म्हणजे कारण काहीही असो, त्याचा काळ बालपणाचा होता.

१९२३ मध्ये आयडाहोतल्या ओकली गावच्या पालकांनी त्याला बोलावलं. गावाने एका दूरच्या कोमट झऱ्यावरून नळ आणला आणि त्यानंतरच मुलांचे दात डागाळायला लागले, असं ते सांगत होते. मॅकेने पाण्याची तपासणी केली, काही सापडलं नाही. तरी त्याने नळ बंद करून दुसरा झरा घ्यायला सांगितलं. काही वर्षांत धाकट्या मुलांचे दात स्वच्छ येऊ लागले. मग आर्कान्सामधलं बॉक्साइट हे कंपनीचं गाव. तिथे १९०९ मध्ये उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचं पाणी सुरू झालं होतं. शेजारच्या गावातली मुलं ठणठणीत, इथल्यांचे दात डागाळलेले. त्या ॲल्युमिनियम कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी १९३१ मध्ये पाणी नव्या पद्धतीने तपासलं, तेव्हा लिटरमागे जवळपास १३.७ मिलीग्रॅम फ्लोराइड निघालं.

आपल्याकडे त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून हाडांच्या फ्लोरोसिसचं वर्णन आलं. पण मला मॅकेच जास्त शिकवतो. फ्लोराइड मोजायची सोय नसताना हा माणूस फक्त 'कोण कुठे वाढला' आणि 'पाणी कधी बदललं' एवढं विचारत उत्तराच्या दारापर्यंत पोचला होता. तुमच्याकडे यंत्र आहे. ते दोन प्रश्न विसरू नका.

प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे

'परिणामांचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे. प्रश्नात तीन गोष्टी लागतात: कुठलं पाणी, कुठली माणसं, शरीरावरची कुठली खूण. उदाहरणार्थ: 'जन्मापासून बोअरचं पाणी पिणाऱ्या १० ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये दातांचा फ्लोरोसिस, उघड्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा किती जास्त आहे?'

हे वय उगाच निवडलेलं नाही. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांवरचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतं. त्या काळात पोटात गेलेलं जादा फ्लोराइड कवचात खूण सोडतं. नंतर कितीही प्यायलं तरी तशी खूण उमटत नाही आणि उमटलेली पुसलीही जात नाही. दहाच्या पुढे पुढचे दात आणि पहिल्या दाढा बाहेर आलेल्या असतात, मूल शाळेत सापडतं आणि ते लहानपणी कुठलं पाणी प्यायचं हे आईला अजून आठवत असतं.

यातूनच एक फसगत टळते. समजा, गावात जल जीवन मिशनचा नळ तीन-चार वर्षांपूर्वी आला. तुम्ही आज नळाचं पाणी तपासलं, फ्लोराइड लिटरला ०.४ मिलीग्रॅम, म्हणजे कमीच, निघालं आणि बारा वर्षांच्या मुलीचे दात मात्र डागाळलेले. लगेच 'संबंध आढळला नाही' लिहू नका. तिचे दात नळ यायच्या आधी घडले. त्या वेळची हापशी शोधा. ती बंद पडलेली असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात जुना तपासणी अहवाल आहे का ते बघा.

बुद्ध्यांकाच्या वाटेला पहिल्या प्रकल्पात जाऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये सगळे अभ्यास चाळून निष्कर्ष काढला, की लिटरला १.५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध मध्यम खात्रीने दिसतो. विषय महत्त्वाचा आहेच. पण घरची गरिबी, आईचं शिक्षण, रक्तक्षय, शिसं हे सगळं बाजूला काढून बुद्ध्यांक मोजणं हे दोन सत्रांत उरकायचं काम नाही.

गाव निवडताना जमीन बघा

दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये फ्लोराइड सहसा कमी असतं. ग्रॅनाइट आणि नाइस (gneiss, पट्टेदार जुना खडक) यांत फ्लोराइड असलेली खनिजं जास्त असतात आणि खोल बोअरमध्ये पाणी खडकाशी वर्षानुवर्षं लागून राहतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ही नावं फ्लोराइडच्या यादीत सारखी येतात. तिथे बेसाल्ट संपून जुने खडक सुरू होणारे पट्टे आहेत. एकाच गावात एका हापशीला ०.६ आणि दोनशे फुटांवरच्या दुसरीला ३ निघू शकतं. म्हणून 'गावाचं फ्लोराइड' असा शब्दप्रयोग टाळा. फ्लोराइड स्रोताचं असतं.

पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, पीएच चढा, असं पाणी फ्लोराइड पोटात घेऊन बसतं. यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, असं पाणी जड नसतं. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, आणि दूरच्या गल्लीतल्या बायाही 'या हापशीचं पाणी गोड आहे' म्हणून तिथेच येतात. गावातली सगळ्यात लाडकी हापशी कुठली ते आधी विचारा आणि तिची बाटली सगळ्यात आधी भरा. फ्लोराइडसोबत कॅल्शियम, पीएच, विद्युतवाहकता, बायकार्बोनेट आणि नायट्रेटही मोजा. नायट्रेट कशाला, ते शेवटी कळेल.

परवानग्या

माणसांवरचं संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही, मग तुम्ही फक्त दात बघणार असलात तरी. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर जवळच्या मेडिकल किंवा डेंटल कॉलेजातल्या मार्गदर्शकाला सोबत घ्या. दातांची तपासणी करायला ते माणूस तसंही लागणारच आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती हवीच. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाची लेखी संमती घ्यायची. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी अर्ध्या प्रकल्पांत मुख्याध्यापकांच्या सहीवर भागवलेलं दिसतं.

संमतीपत्र मराठीत लिहा, पण शासकीय मराठीत नको. 'सदर संशोधनात आपल्या पाल्याचा सहभाग ऐच्छिक असून' वाचून कुणाला काही बोध होत नाही. 'आम्ही तुमच्या मुलाचे दात बघणार. सुई टोचणार नाही, औषध देणार नाही. नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, शाळेत त्याचा काही त्रास होणार नाही.' एवढं पुरे. आणि जिथे लोक घरी कोलामी किंवा गोंडी बोलतात, तिथे ती भाषा बोलणारं माणूस बरोबर असू द्या.

किती मुलं?

कम्युनिटी मेडिसिनवाल्यांचं पाठ असलेलं सूत्र वापरा: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे अंदाजे किती टक्के मुलांत फ्लोरोसिस असेल, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले, एल म्हणजे किती टक्क्यांची चूक चालेल. पी ३० आणि एल ५ धरला तर ४ × ३० × ७० ÷ २५ = ३३६. एकाच हापशीवरची मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून हा आकडा दीडपट-दुप्पट करतात. ६७२ मुलं एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची आहेत, हे मान्य. मग एल वाढवा आणि तसं उघड लिहा. सोयीचा आकडा आधी ठरवून त्यात बसेल असं सूत्र मागून लिहिण्यापेक्षा ते बरं.

बाटल्या

काचेची बाटली नको. फ्लोराइड काचेशी खेळतं. पॉलिथीनची ५०० मिलीची बाटली घ्या. कोल्ड्रिंकची वापरलेली नको. त्याच पाण्याने तीनदा खळबळा. हापशी चार-पाच मिनिटं हापसून नळीतलं शिळं पाणी जाऊ द्या. यात सगळ्यांत जास्त कंटाळा येतो आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. फ्लोराइडसाठी आम्ल घालायची गरज नसते. धातूंच्या बाटलीत घालतात म्हणून सवयीने यातही ओतू नका. लेबल बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. दर दहा बाटल्यांमागे एका स्रोताच्या दोन भरा आणि दुसरीला वेगळाच नंबर द्या, लॅबमधल्यालाही कळता कामा नये. एक बाटली डिस्टिल्ड पाण्याची घरून भरून न्या, गावात उघडा आणि परत आणा. तिच्यात फ्लोराइड निघालं तर ते तुमच्या हाताळणीतलं.

मे महिन्यात एकदा आणि पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पुन्हा एकदा. एकाच फेरीवर वर्षभराचं बोलू नये.

लॅब

कॉलेजांत बहुधा स्पॅड्न्स पद्धत असते. लाल रंगाचं द्रावण, फ्लोराइड जितकं जास्त तितका रंग फिका, ५७० नॅनोमीटरवर वाचायचा. ही पद्धत साधारण १.४ मिलीग्रॅमपर्यंतच सरळ चालते. आपल्याला नेमकं त्याच्या वरचंच मोजायचं असतं! तेव्हा नमुना डिस्टिल्ड पाण्याने पातळ करा आणि आलेल्या आकड्याला तेवढ्याने गुणायला विसरू नका. नमुन्यात क्लोरीन, ॲल्युमिनियम किंवा जास्त अल्कता असेल तर हा रंग फसवतो. तुरटीने शुद्ध केलेल्या पाण्याला ही पद्धत म्हणूनच भरवशाची नाही.

आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड (फ्लोराइड ओळखून मिलिव्होल्टमध्ये आकडा देणारी कांडी) मिळाला तर तोच वापरा. २२१ मिलीग्रॅम कोरडं सोडियम फ्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरला १०० मिलीग्रॅम फ्लोराइडचं प्रमाण द्रावण होतं. त्यातून ०.१, १ आणि १० ची द्रावणं करा. प्रत्येकात आणि प्रत्येक नमुन्यात टिसॅब बफर (पीएच आणि आयनांची ताकद सगळ्यांत सारखी ठेवणारं द्रावण) समप्रमाणात घाला. दहापट बदलाला सुमारे ५७ ते ५९ मिलिव्होल्टचा फरक पडला पाहिजे. पन्नासच पडत असेल तर इलेक्ट्रोड थकला आहे किंवा द्रावण चुकलंय. पुढे जाऊ नका. चंचुपात्रंसुद्धा प्लॅस्टिकचीच.

भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची मर्यादा १.५ मिलीग्रॅम प्रति लिटर आहे. अहवालात दोन्ही लिहा. नुसतं १.५ लिहिलं की निम्मी गावं कागदावर सुटतात.

तांब्या, कॅन आणि माहेर

आता मुख्य काम. 'दिवसाला किती लिटर पाणी पिता?' या प्रश्नाला कुणीही काहीतरी आकडा सांगेल, तुम्ही तो लिहून घ्याल आणि त्याला काही अर्थ नसेल. लिटरमध्ये तहान कुणाला लागत नाही.

एक लिटरचं मोजपात्र घेऊन घरात जा. 'काकू, तुम्ही पाणी पिता तो तांब्या दाखवा' म्हणा. तो काठोकाठ नाही, त्या रोज भरतात तसा भरायला सांगा आणि मोजपात्रात ओता. एका घरचा तांब्या ७०० मिलीचा असतो, दुसऱ्या घरचा १,२०० चा. मग सकाळी उठल्यापासून विचारत चला: तोंड धुतल्यावर किती, भाकरीबरोबर किती, शेतात नेलं ते कशात. शेतात बहुतेकदा तेलाची रिकामी पाच लिटरची कॅन जाते. ती घरून भरून नेतात की शेतातल्या बोअरवर भरतात? दोन्ही असेल तर शेतातल्या बोअरचीही बाटली भरायला हवी, आणि ती बहुतेक प्रकल्पांत राहून जाते. कॅनमधून किती जण पितात? संध्याकाळी तिच्यात किती उरतं? उन्हाळ्यातला दिवस वेगळा आणि थंडीतला वेगळा विचारा.

भात, वरण आणि भाजीत मुरलेलं पाणीही पोटातच जातं. कोरा चहा विचारा. चहापत्तीत फ्लोराइड असतं. मुलं फ्लोराइडची टूथपेस्ट गिळतात का तेही विचारा. मुलाचे दिवसाचे पाच-सहा तास शाळेत जातात, म्हणून शाळेची हापशी आणि अंगणवाडीचं पाणी वेगळे स्रोत म्हणून नोंदवा.

हिशेब सोपा आहे: पाण्यातलं फ्लोराइड गुणिले दिवसाचे लिटर. १.४ मिलीग्रॅमच्या हापशीचं पाणी, १.५ च्या मर्यादेच्या आतलं, निंदणीला जाणारी बाई मे महिन्यात ६ लिटर प्यायली तर ८.४ मिलीग्रॅम पोटात गेलं. २.० च्या हापशीवरचा दुकानदार ३ लिटर प्यायला तर ६ मिलीग्रॅम. नकाशावर ती हिरवी आणि तो लाल. नुसत्या बाटल्यांवर आरोग्याची प्रकरणं लिहिणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं. मुलांसाठी हाच आकडा वजनाने भागून घ्या.

आता वास्तव्याचा इतिहास. प्रत्येक मुलासाठी जन्मापासून आठ वर्षांपर्यंत एक-एक वर्षाची रांग काढा आणि प्रत्येक वर्षापुढे गाव आणि पाण्याचा स्रोत लिहा. बाळंतपण माहेरी झालं असेल तर पहिले काही महिने मामाच्या गावचे. आईबाप ऊसतोडीला जात असतील तर वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या भागातले. आश्रमशाळेत गेलं असेल तर तिथलं पाणी. तारखा आठवत नाहीत. 'धाकटीच्या जन्माच्या आधी की नंतर?', 'हापशी बसली तेव्हा सरपंच कोण होतं?' असं विचारलं की आठवतं.

मोठ्या बायकांची तपासणी करणार असाल तर आणखी एक. सुनेचे दात माहेरचे, गुडघे सासरचे. तिच्या दातांवरची खूण ती जिथे लहानाची मोठी झाली त्या पाण्याची आहे. हाडांवर साचत गेलेलं फ्लोराइड त्यापुढच्या सगळ्या वर्षांचं आहे. दोन्ही एकाच विहिरीच्या आकड्याशी जोडून ठेवले तर संख्याशास्त्राचं कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, उत्तर चुकीचंच येणार.

भूतकाळातली मात्रा शरीरातच शोधायची ही युक्ती शिशावरच्या संशोधनातही वापरली गेली. हर्बर्ट नीडलमन यांनी अमेरिकेत चेल्सी आणि सॉमरव्हिल इथल्या पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजून १९७९ मध्ये दाखवून दिलं, की वरून निरोगी दिसणाऱ्या मुलांतही जास्त शिसं आणि मागे पडणारी बुद्धी यांचा संबंध आहे. रक्तातलं शिसं गेल्या काही आठवड्यांचं सांगतं, दात काही वर्षांचं. आपल्या कामात तर दात पाडायचीही गरज नाही, नुसता बघायचा.

दात बघणं

डीनचा निर्देशांक, म्हणजे दातांच्या फ्लोरोसिसला गुण द्यायची पद्धत, वापरा. ट्रेंडली डीन यांनी १९३४ मध्ये तो मांडला आणि १९४२ मध्ये सुधारला. मुलाला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवा, चूळ भरायला लावा. सगळ्यांत जास्त बाधित दोन दात धरा. त्या दोघांत फरक असेल तर कमी बाधित दाताचा गुण द्या. निरोगी ०, शंकास्पद ०.५, अतिसौम्य १ (पांढुरके अपारदर्शक पट्टे, पृष्ठभागाच्या चतुर्थांशाहून कमी), सौम्य २ (निम्म्याहून कमी), मध्यम ३ (सगळा पृष्ठभाग, बहुधा तपकिरी डाग), तीव्र ४ (कवचाला खड्डे).

विदर्भात खरी अडचण खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) असते. तेरा-चौदा वर्षांची पोरंसुद्धा खर्रा खातात आणि दात तपकिरी दिसतात. खर्ऱ्याचा डाग वरवरचा, हिरडीजवळ आणि आतल्या बाजूला जास्त असतो, दंतवैद्याने खरवडला की निघतो. फ्लोरोसिस कवचातच असतो, आडव्या रेघांसारखा, आणि डाव्या दाताला असेल तर उजवीकडच्या त्याच्या जोडीदारालाही असतो. एकट्या दातावरचा पांढरा ठिपका बहुधा दुसऱ्याच कशाचा असतो. खर्ऱ्याचा प्रश्न आईसमोर विचारू नका, उत्तर 'नाही' येणार हे ठरलेलं आहे.

तपासणाऱ्याला मूल कुठल्या हापशीचं आहे ते माहीत नसावं. दहा टक्के मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून घ्या आणि दोन्ही दिवसांच्या गुणांचा मेळ सांगणारा कप्पा (kappa) हा आकडा काढा. हे केलेलं नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न यावरच विचारतील, आणि विचारायलाच हवा.

हाडांबाबत पहिल्या प्रकल्पात तीन साध्या हालचालींवर थांबा: गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात का, हनुवटी छातीला लागते का, हात मानेमागे जातात का. अडलेल्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवायचं, निदान तुम्ही करायचं नाही. कंबर दुखायला शंभर कारणं असतात. शिवाय खाण्यापिण्याचाही यात हात असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये फ्लोराइडग्रस्त भागातल्या तरुणांचे गुडघे आत वळल्याचं वर्णन केलं, तेव्हाही आहाराचा प्रश्न बरोबरच पुढे आला. म्हणून दूध, कॅल्शियम आणि ज्वारी-तांदळाची नोंद ठेवा. लघवीतलं फ्लोराइड तपासलं तर ते फक्त सध्याच्या पिण्याचं सांगतं, लहानपणाचं नाही.

आकडे मांडताना

हापशीनिहाय सामुदायिक निर्देशांक काढा: सगळे गुण जोडून मुलांच्या संख्येने भागा. शंभर मुलांत ४० निरोगी, २० शंकास्पद, २० अतिसौम्य, १२ सौम्य, ६ मध्यम, २ तीव्र असतील तर ० + १० + २० + २४ + १८ + ८ = ८०, भागिले शंभर, ०.८. डीनच्या मते ०.६ च्या वर गेलं की तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न. मग फ्लोराइडच्या चढत्या गटांत हा निर्देशांक चढतो का ते बघा. आठ वर्षांपर्यंत त्याच स्रोतावर वाढलेली मुलं वेगळी काढून पुन्हा बघा. संबंध खरा असेल तर या दुसऱ्या गटात तो जास्त ठळक दिसायला हवा. माझ्या मते प्रबंधातला सगळ्यांत बोलका तक्ता हाच.

'मुळे' हा शब्द जपून. एकदाच केलेल्या पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कारण ठरवताना काय काय बघावं ते मांडलं आहे. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढणं आणि कारण आधी, परिणाम नंतर असणं हे त्यातलेच मुद्दे. तुम्ही वास्तव्याची रांग नीट काढली असेल तर हे दोन तुमच्या हातात आहेत.

गावाला काय सांगायचं

प्रबंध जमा करायच्या आधी गावात जा. प्रत्येक घराला त्यांच्या हापशीचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या. मुलाचा गुण फक्त त्याच्या पालकांना सांगायचा. वर्गात किंवा ग्रामसभेत नाव घ्यायचं नाही. दात डागाळलेल्या मुलीच्या लग्नाची चिंता घरात आधीच असते.

नुसतं सांगण्यानेही फरक पडतो. बांगलादेशात जुलाबांपासून वाचण्यासाठी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि मागाहून त्यांत आर्सेनिक निघालं. २००० च्या सुमारास मोठी मोहीम काढून नळ्यांची तोंडं लाल आणि हिरवी रंगवली. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आराइहजार भागात पाहिलं, तर बऱ्याच घरांनी शेजारची चांगली नळी धरली होती. ज्यांच्या जवळपास हिरवी नळीच नव्हती, त्यांना मात्र लाल रंगाचा काय उपयोग? म्हणून लाल आकड्यासोबत जवळच्या चांगल्या स्रोताचा पत्ता द्या.

तो पत्ता देण्याआधी नायट्रेट आणि जंतूंची तपासणी बघा. फ्लोराइड कमी असलेली विहीर बहुधा उथळ आणि उघडी असते, आणि तिच्यात शेतातलं खत व उकिरड्याचं पाणी उतरतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलीग्रॅम आहे. दात वाचवायला जाऊन तान्ह्या बाळाला नायट्रेट पाजू नका.

लोक हमखास विचारतात ते असं. पाणी उकळलं तर? फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. साधा कँडल फिल्टर? काढत नाही. तुरटी फिरवली तर? नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने बसवलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना असतो खरा, पण मोजून, ढवळून, बसू देऊन आणि गाळून. अंदाजाने तुरटी फिरवून ते होत नाही आणि पाण्यात ॲल्युमिनियम राहतं ते वेगळंच. आरओ आणि सक्रिय ॲल्युमिना फ्लोराइड काढतात, पण आरओची मेम्ब्रेन बदलायचे आणि ॲल्युमिनाची माती पुन्हा धुवायचे पैसे दर वर्षी लागतात. बंद पडलेल्या प्लांटच्या टाक्या तुम्हाला गावोगाव दिसतील. छतावरचं पावसाचं पाणी निदान पिण्या-शिजवण्यापुरतं साठवता आलं तर लहान मुलांच्या घरांना ते आधी सुचवा. आठ वर्षांच्या आतलं मूल असेल ते घर यादीत सगळ्यांत वर.

एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, एक भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला आणि एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. फ्लोरोसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे आणि त्यात जिल्ह्याची नोंद होण्यासाठी असे आकडे कामाला येतात. स्रोतांचे अक्षांश-रेखांश आणि दोन्ही हंगामांचे आकडे जोडा, मुलांची नावं काढून टाका. प्रश्नावलीची कोरी प्रतही लावा, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तांब्या मोजण्यापासूनच सुरुवात करेल.